सरदारणीचं लोणी

आमच्या घरातली रवी फिरायला लागली की नाणेघाटातली माकडं कानांवर हात ठेवायची. हे तपासून बघायला त्या वेळची माकडं आता हयात नाहीत, तेव्हा माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल. मढच्या वरच्या अंगाला, माळशेजचं वारं थेट उंबऱ्यात येऊन उभं राहतं अशा वस्तीत आमचं घर होतं. घराच्या मधोमध घुसळखांब. माझ्या पणजोबांनी तो रोवला तेव्हा घर नव्हतंच म्हणे. आधी खांब उभा राहिला आणि मग लोण्याला पाऊस लागू नये म्हणून त्याच्याभोवती भिंती घातल्या. खांबाशी गवताची चुंबळ, चुंबळीवर काळा कुळकुळीत डेरा, त्यात दही आणि दह्यात माझ्या उंचीची रवी. तिचा दांडा वर-खाली दोन कड्यांत अडकवून खांबाशी धरलेला आणि त्याला दोराचे तीन वेढे. दोराचं एक टोक उजव्या हातात, दुसरं डाव्यात. एक ओढायचं, दुसरं सोडायचं. घर्र इकडे, घम्म तिकडे. त्या आवाजावर मी झोपेतून उठले, त्यावर पाढे पाठ केले, आणि लग्न होऊन सासरी गेले तेव्हा पहिले आठ दिवस तो आवाज नाही म्हणून मला जागच आली नाही. सासूबाईंना वाटलं, सून आळशी. मी तो गैरसमज पुढं कधी दूर केला नाही, कारण तो सोयीचा होता.

रवी आमची असली तरी राज्य धोंडाआत्याचं. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ही थोरली बहीण. तरुणपणीच नवरा वारला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. अंगानं काडी, पण आवाज असा की तिनं अंगणातून हाक मारली तर डोंगरापलीकडची गुरं स्वतःच्या घराकडे वळायची. आत्याकडे घुसळणीचे इतके नियम होते की तेवढे कायदे तालुक्याच्या कचेरीतही नसतील. रवी फिरत असताना शिंकायचं नाही. लोणी आलं का, असं विचारायचं नाही. विचारलं की ते लाजून परत जातं. गोळा निघाल्यावर तो केवढा आहे हे बोलायचं नाही. दिवेलागणीनंतर विरजण कुणाला द्यायचं नाही, मागायला देव आला तरी. पहिल्या लोण्याचं बोट घुसळखांबाला लावायचं, दुसरं गोठ्यातल्या खुंट्याला, आणि तिसरं बोट ज्याचं त्यानं चाटायचं. या शेवटच्या नियमाचं पालन मी घरात सगळ्यात श्रद्धेनं केलं.

पण या सगळ्यांचा बाप असलेला नियम एकच होता. रवी फिरत असताना जो कोणी उंबरा ओलांडून आत येईल, त्यानं दोर हातात घेऊन एकवीस वेळा ओढायचा आणि मगच बसायचं. नाही ओढला तर तो जाताना घरातलं लोणी टाचेला चिकटवून घेऊन जातो. त्यामुळे आमच्या घुसळखांबाशी कोण कोण वाकलं म्हणून सांगू! तलाठी वाकला, पोस्टमन वाकला, एकदा तर वरात चुकलेला नवरदेव बाशिंगासकट वाकला. माझी बय, म्हणजे आई, गालातल्या गालात हसायची आणि भाकरी थापत राहायची. ती आत्याला कधी उलटून बोलली नाही. पण तिची बोटं भाकरीवर जरा जोरात पडायला लागली की काय समजायचं ते मला समजायचं.

आणि लोणी म्हणाल तर ते सरदारणीचं. सरदारीण आमची म्हैस. तिला हे नाव आत्यानंच दिलं, कारण ती पाणवठ्यावर जाताना अशी चालायची की बाकीच्या म्हशी वाट सोडून उभ्या राहायच्या. एक शिंग सरळ, एक कानाकडे वळलेलं. मी तिच्या पाठीवर बसून नाचणीची रोपं उपटायला गेले आहे आणि तिच्या पोटाला टेकून ताप काढला आहे. तिचं दूध एवढं घट्ट की त्यात माशी पडली तर बुडायची नाही, वरच्या वर चालत पलीकडे जायची. तिच्या लोण्याचं तूप कढायला लागलं, त्यात बयनं विड्याचं पान टाकलं की चर्रर्र आवाज व्हायचा आणि तो ऐकून मी जिथं असेन तिथून यायची. तळाला उरलेली खरपूस बेरी गुळात कालवून खायची. आता माझ्या सुनेच्या फ्रिजमध्ये लोण्याची विटेसारखी वडी असते. चांगली असते, मी नाव ठेवत नाही. पण ती पोळीवर फासताना घरातलं कुणीही धावत येत नाही.

त्या वर्षी थंडी पडली ती आजवर पडलेल्या सगळ्या थंड्यांची थकबाकी घेऊन. भाताची खळी झाली, वरई भरली, आणि एके सकाळी अंगणातल्या पाण्यावर साय धरली. म्हशीच्या नाकातून निघालेली वाफ जमिनीवर पडून खळ्ळकन फुटायची, असं मी माझ्या नातवंडांना सांगते आणि ती माझ्याकडे आदरानं बघतात. त्या थंडीत एक दिवस लोणी आलं नाही. आत्यानं सकाळी दोर धरला तो ऊन अंगणात येईपर्यंत सोडला नाही. डेऱ्यात फेस आला, फुगे आले, डेऱ्याच्या तोंडापर्यंत पांढरंफेक आलं; पण गोळा नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा उलटला तरी नाही. आत्यानं रवीला काळा दोरा बांधला, बिबा बांधला, डेऱ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तेवढ्या, बाकी काही घडलं नाही.

“लोनी बांधलंय कुनीतरी,” आत्या म्हणाली. “डोळं बांधून नेलंय वासराला न्यावं तसं.”

वस्तीत ही बातमी पसरायला दुपारही लागली नाही. आमच्या घरावरून जाणाऱ्या बायका पदर सावरून, अंग चोरून जायला लागल्या. दादा कमी बोलणारा माणूस. त्यांचा या बांधण्या-सोडण्यावर फारसा विश्वास नव्हता, पण रोजच्या जेवणात तूप नाही आणि जुन्नरच्या दुकानदाराला घालायलाही तूप नाही, हे त्यांना दिसत होतं. आमचं मीठ, तेल, लुगडी, माझी पाटी, सगळं त्या तुपावर यायचं. एक दिवस जेवताना ताटाकडे बघतच ते म्हणाले, “आमुशापतुर बघू. न्हाईतर बेल्ह्याच्या बाजाराला धाडू म्हशीला. पारगावकडचा गेनूशेठ मागं लागलाय, दारातूनच नेतो म्हनतो.”

गेनूशेठ म्हणजे हेडी. गुरांची दलाली करणारा, सपाटीवरच्या उसाच्या गावातला गलेलठ्ठ माणूस. पांढरंशुभ्र धोतर, फेटा, आणि हातात छत्री. ती पावसात उघडायची नाही, उन्हात उघडायची नाही, फक्त जनावराच्या बरगड्या टोचायला. ज्या घरची म्हैस अडचणीत असेल त्या घराचा वास त्याला चार डोंगरांपलीकडून यायचा. त्याचं नाव ऐकलं आणि हातातली भाकरी तशीच ठेवून मी गोठ्यात गेले. सरदारीण रवंथ करत होती. तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनंच मला धीर दिला असता, आणि ते मला सहन झालं नसतं.

आता मी किती हुशार होते ते सांगते. त्या आठवड्यात आम्ही जेवत होतो ती फक्त कढी. घुसळून घुसळून उरलेलं, लोणी न निघालेलं ताक दुसरं करायचं काय? तर कढी चुलीवर तापली की तिच्यावर पिवळे पिवळे गोल डोळे तरंगायचे. तुपाचे. पहिल्या दिवशी मी ते बघितले आणि भुरकून टाकले. दुसऱ्या दिवशी बघितले आणि भुरकले. चौथ्या दिवशी भुरकता भुरकता माझा हात थांबला. लोणी जर कुणी नेलंय, तर हे तूप आलं कुठून?

“आत्या,” मी म्हटलं, “लोनी ताकातच हाय. ही बघ ना, कढीवर तुपाचं डोळं आल्यात.”

आत्यानं वाटीत वाकून बघितलं. तिच्याही तोंडात तो घोट होताच. मग गिळून म्हणाली, “ते लोनी न्हाय, लोन्याचं भूत हाय.”

“भूत मंग चवीला इतकं ग्वाड कसं लागतं?”

“म्हनूनच तर लोकं भुताच्या नादी लागत्यात. जेव गप.”

पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. थंड ताकात दिसत नाही आणि तापलं की वर येतं. म्हणजे लोणी पळालं नाही, ते थंडीनं आखडून बसलंय, माझ्यासारखंच, गोधडीतून बाहेर यायला तयार नाही. त्याला जरा ऊब दिली की येईल. उपाय तर सापडला, पण तो करायचा कसा? कारण आत्याचा आणखी एक नियम होता आणि तो वस्तीतल्या सगळ्याच घरांत पाळला जायचा. दूध उतू जाऊन चुलीत पडलं की म्हशीच्या सडांना भेगा पडतात, हे तर लहान पोरालाही ठाऊक. त्याच हिशेबानं, चुलीवर तापलेलं पाणी डेऱ्यात पडलं की म्हशीचे सड करपतात. डेऱ्यात घालायचं ते आडाचं पाणी, गार, ताजं. आता बघा माझी अडचण: पाणी घालावं तर सरदारणीचे सड करपणार, न घालावं तर सरदारीण बाजारात जाणार. मी पंधरा वर्षांची होते. अंगात धाडस इतकं की बिबट्याला शेपटीनं धरून परत रानात सोडलं असतं, पण सडाच्या भेगांचं नाव काढलं की मी धावत जाऊन सरदारणीचे सड तपासून यायची. तीन दिवस मी त्या विचारात अशी वाळले की बयनं माझी चोळी आत घेतली.

अवसेच्या आदल्या दिवशी सकाळी आत्यानं शेवटचा डेरा भरला. दोन दिवसांचं दही, वर आडाचं पाणी, आणि रवीला नवा बिबा. वस्तीतल्या पोरानं सांगावा आणला होता की गेनूशेठ मढपर्यंत आलाय, चहा पिऊन वर येतोय. आत्या मिठाचे खडे मुठीत घेऊन गोठ्यात सरदारणीची दृष्ट काढायला गेली. बय मागच्या दारी शेण भरत होती. दादा न्हाणीच्या दगडावर लाकडं फोडत होते. घरात मी, डेरा, आणि चुलीच्या मागच्या तोंडावर, वैलावर, दादांच्या आंघोळीचं पाणी असलेला हंडा. मी सरदारणीचं नाव घेतलं, डोळे मिटले, तांब्या भरला, बोट घालून बघितलं तर अंगाला सोसेल असं कोमट होतं, आणि ओतला डेऱ्यात. मग तांब्या जागेवर ठेवून अशी धावत बाहेर पडले की दारातली कोंबडी माझ्याआधी ओरडली. गेनूशेठ दिसतोय का ते बघायला मी वळणावरच्या दगडावर चढले. तो यायला बराच वेळ होता. मी परत आले तेव्हा बय चुलीशी बसली होती, आत्या दोर सारखा करत होती, आणि मागून दादांचा आवाज आला.

“आंघुळीचं पानी कुनी सांडलं? हंड्यात तळ दिसतोय!”

आत्या दोराची गाठ बघत राहिली, बय चुलीत लाकूड सारत राहिली. मी एकच तांब्या घेतला होता, हे मी त्या वेळी देवाशपथ सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. दादा कमी बोलणारे, सांगितलंच आहे. त्या कडाक्यात ते गार पाण्यानं न्हाले. पहिला तांब्या अंगावर पडला तेव्हा त्यांनी जो हुंकार दिला तो ऐकून आडावरची कबुतरं उडाली.

आत्यानं दोर धरला. डेऱ्यात नजर टाकली आणि तिचे डोळे डेऱ्याएवढे झाले. “अगं बया! डेरा चढलाय!” खरंच चढला होता. काठाच्या चार बोटं खाली भरलेलं दही आता काठाला टेकलं होतं. मी घाबरले. माझ्या एका तांब्यानं फार तर बोटभर चढायला हवा होता. उरलेली तीन बोटं कुठून आली? बय चुलीत फुंकर घालत होती, तिनं मान वर केली नाही. आत्यानं डेऱ्याला हात जोडले. मग डोळे मिटून दोर ओढला. पहिला घर्र आवाज झाला आणि उंबऱ्यात छत्री दिसली.

“रामराम मंडळी! हाय का म्हस जाग्यावर, का लोन्यासंगं तीबी गेली?” गेनूशेठ आत आला, स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला, आणि बसायला घोंगडी शोधू लागला.

“पावणं,” आत्या म्हणाली, “दोर धरा.”

“काय धरा?”

“रवी फिरतीय. आत आलासा. एकवीस डाव दोर वढा, मंग बसा.”

“आवं आत्याबाई, मी म्हशी वढतो, दोऱ्या न्हाई वढत. आन त्या डेऱ्यात हाय काय वढन्यासारखं? आक्ख्या खोऱ्याला ठाऊक हाय तुमचं लोनी बांधलंय म्हनून.”

“ठाऊक हाय, का तुमीच सांगत हिंडलायसा?” बय चुलीजवळून म्हणाली. बय आजवर पाहुण्यापुढं बोलली नव्हती. गेनूशेठ गडबडला. दादा ओल्या केसांनी, दात वाजवत दारात येऊन उभे राहिले.

“दोर न वढता गेलात,” आत्या उठून त्याच्या वाटेत उभी राहिली, “तर त्या म्हशीला तुमचा हात लागायचा न्हाई. आमचं लोनी टाचेला लावून नेताय अशी वरड मी मढच्या चौकात मारीन, आन माझी वरड तुमी ऐकलेली न्हाई अजून.”

गेनूशेठनं दादांकडे बघितलं. दादा एवढंच म्हणाले, “वढा शेठ. मीबी वढतो रोज.”

मग जे घडलं ते बघायला तिकीट लावलं असतं तर आमच्या वस्तीला डांबरी रस्ता झाला असता. गेनूशेठनं छत्री भिंतीला टेकवली, धोतर खोचलं आणि दोर धरला. माणूस रेड्यासारखा. आमच्या काडीसारख्या आत्यानं आठ दिवस ओढलेली रवी त्याच्या हातात भिंगरी झाली. खांब करकरला, कौलांवरची धूळ खाली आली. आत्या मोजत होती. “सतरा… अठरा… एकोनीस…” मग ती खोकली. “एकोनीस…” पदर सारखा केला. “किती झाले? एकोनीस.” गेनूशेठच्या कपाळावर घाम आला. “आत्याबाई, मघाशीबी एकोनीसच व्हतं!” “पावणं, बोलू नगा, मोजनी चुकती. पुन्यांदा सुरू करा. एक…” असं करत त्या माणसानं माझ्या हिशेबानं पाचशे वेळा दोर ओढला असेल. फेटा सुटून गळ्यात आला. तो चिडलाही होता आणि इरेलाही पेटला होता. वर डोंगरातल्या बायकांपुढं दम लागला असं खाली जाऊन सांगायचं कुणाला?

आणि मग आवाज बदलला. ज्यानं घुसळण ऐकली आहे त्याला हे सांगायला नको, आणि ज्यानं ऐकली नाही त्याला सांगून कळायचं नाही. घर्र घम्म, घर्र घम्म चाललेलं असतं, खळखळतं, हलकं. आणि एका क्षणी ते जड होतं. थप. थप. जणू आत कुणीतरी आडवं होऊन कूस बदलतंय. दोर हाताला ओढ द्यायला लागतो. गेनूशेठचे हात आपोआप हळू झाले. रवीच्या पात्यांना आधी मोहरीएवढे कण चिकटले, मग ज्वारीएवढे, मग बोराएवढे. कुणीही ‘लोणी आलं का’ असं विचारलं नाही. कुणी शिंकलं नाही. मला शिंक येत होती, ती मी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि ती पुढं अख्खा आठवडा कानातून वाजत होती.

आत्यानं डेऱ्यात हात घातला. कोपरापर्यंत. बाहेर आला तो गोळा… केवढा होता हे बोलायचं नाही, नियम आहे. पण तो ठेवायला लाकडी काथवट पुरली नाही आणि बयनं माझ्या पाळण्यातलं जुनं दुपटं आणलं, एवढं सांगते. पांढरा, थबथबलेला, पाण्याचे मोती गाळत असलेला. आत्यानं पहिलं बोट घुसळखांबाला लावलं. दुसरं बोट घेऊन ती गोठ्याकडे निघाली तर तिकडून सरदारणीनं असा हंबरडा फोडला की गेनूशेठची भिंतीला टेकवलेली छत्री आपोआप उघडली.

तो माणूस मात्र धंद्यात पक्का होता, मान्य केलं पाहिजे. श्वास खाली बसायच्या आत त्यानं दादांचा हात उपरण्याखाली ओढला. हेडी लोक असाच भाव करतात, फडक्याखाली बोटं दाबून, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. दादांनी हात काढून घेतला. त्यानं पुन्हा धरला, दादांनी पुन्हा काढला. “शेठ,” दादा म्हणाले, “म्हस इकायची व्हती ती लोनी येत नव्हतं म्हनून. आता तुमच्याच हातानं आलं. तुमच्या हातानं आलेलं लोनी खोटं कसं म्हनू?” बयनं नाचणीची गरम भाकरी काढली, तिच्यावर लोण्याचा एवढा थोरला गोळा ठेवला, शेजारी लसणाची चटणी. गेनूशेठनं आधी नाही म्हटलं. मग चार भाकरी खाल्ल्या. जाताना आत्यानं त्याला पळसाच्या पानात लोणी बांधून दिलं. तो उघडलेली छत्री मिटत नव्हती म्हणून तशीच, जन्मात पहिल्यांदा उन्हात डोक्यावर धरून उतार उतरत गेला.

आमचं घर जिंकलं, पण गेनूशेठचं काय झालं ते ऐका. त्या थंडीत लोणी अडलेली घरं खोऱ्यात काही कमी नव्हती. गेनूशेठच्या हाताला लोणी येतं ही बातमी त्याच्याआधी खाली पोचली. तो जिथं म्हैस बघायला जाई तिथं बाई आधी दोर पुढं करी. त्याच्या हाताला घट्टे पडले, दंड पैलवानासारखे झाले, आणि माघाच्या आत त्यानं आमच्या बाजूला येणंच सोडलं. सरदारणीला मात्र पुढं तीन वेतं झाली आणि ती आमच्याच गोठ्यात म्हातारी झाली.

माझ्या जीवाला घोर होता तो सडांचा. कोमट पाणी तर पडलं होतं. म्हणून मी रोज चोरून लोण्याचं बोट न्यायची आणि सरदारणीच्या चारही सडांना चोळायची, भेगा पडायच्या आधीच बंदोबस्त. भेग काही पडली नाही. पण दादा धार काढून आले की कुरकुरायचे, “हिचं सड इतकं गुळगुळीत कसं झाल्यात? बोटंच निसटत्यात!” मी ताटात तोंड घालून बसायची. मला वाटायचं, एका बोटाच्या लोण्यानं एवढं गुळगुळीत होतं तर सरदारणीची कातडीच भारी.

माझी नात अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअर व्हायला शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, “आजी, टेंपरेचरचा प्रश्न आहे, बाकी काही नाही.” मी म्हटलं, बरोबर आहे बाई, पण तुझ्या टेंपरेचरनं गेनूशेठला दोर ओढायला लावला असता का?

माझं लग्न झाल्यावर काही वर्षांनी, अशाच थंडीत मी माहेरी गेले. आत्या आता वाकली होती, पण दोर तिच्याच हातात. मी उंबऱ्यावर आले आणि घर्र घम्म ऐकून मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी तिथंच उभ्यानं ओकून टाकलं. “आत्या, गेनूशेठ आला व्हता त्या दिवशी मी डेऱ्यात चुलीवरचं कोमट पानी वतलं व्हतं. एक तांब्या.”

आत्याचा हात थांबला नाही. “तुझा तांब्या दुसरा,” ती म्हणाली. “पयला माझा. दृष्ट काढाया जायच्या आधीच वतला. कढीवरलं डोळं मला दिसत न्हाईत व्हय? पर एकच वतला आन डेरा काठाला आलेला बघितला तवा मलाच घाम फुटला. म्हटलं, करपलं सड, आता देव काय सोडत न्हाई. आठ दिस लोनी चोळलं तिला.”

चुलीशी बय भाकरी थापत होती. तिची बोटं भाकरीवर जरा जोरात पडली. “आन माझं तांबे कुनी मोजायचे?” ती म्हणाली. “तुमी दोघी भ्यायलेल्या, एकेक वतून पळालात. मी दोन वतले. आन लोनीबी चोळलं.”

मग ओट्यावरून दादांचा आवाज आला. आयुष्यात इतकं मोठ्यानं ते पहिल्यांदाच बोलले असतील.

“म्हंजी तुमच्या तिघींपायी मी गार पान्यानं न्हालो व्हय!”

आम्ही जे हसलो ते अजून माळशेजच्या कड्यांत कुठंतरी फिरत असेल. ऐकू आलं तर ओळखाल. बयचे डोळे पुसून पुसून पदर ओला झाला, दादा खांबाला धरून हसत होते. फक्त आत्या हसली नाही. तिनं दोर सैल सोडला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “पान्याचं काय सांगतीस? लोनी आलं ते गेनूशेठनं दोर वढला म्हनून. त्यात बोलायचं काम न्हाई. आन तू मघाशी आत आलीस न्हवं? रवी फिरतीय. धर.”

मी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि दोर धरला. घर्र, घम्म. माझ्या मोजणीनं पन्नास झाले तरी आत्या अजून एकोणिसावरच होती.